नळ खोकला

आमच्या घरात ‘नळ खोकला’ हे अख्खं वाक्य आहे. ते कानावर पडलं की हातात जे असेल ते टाकून स्वयंपाकघराकडे पळायचं. भाजी चिरणाऱ्याने सुरी टाकायची, दाढी करणाऱ्याने अर्धा गाल तसाच ठेवायचा. मी एकदा घरून काम करताना, ऑफिसच्या मीटिंगमध्ये, स्क्रीनवर साहेब दिसत असताना, ‘नळ खोकला!’ असं ओरडून उठलो होतो. साहेब दाक्षिणात्य. त्यांना वाटलं, घरात नळ नावाचे कुणी आजारी आजोबा आहेत. पुढे बरेच दिवस ते माझ्याकडे नळांची चौकशी करायचे आणि मीही ‘आज जरा बरंय, सर’ असं सांगायचो. त्या आजोबांच्या नावावर एकदा मी हाफ डेसुद्धा घेतला.

नालासोपारा पूर्वेला, आचोळ्यात, चार मजली जुन्या बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर आम्ही राहतो. आम्ही म्हणजे आई, बाबा आणि पंचेचाळिशी ओलांडूनही लग्नाच्या बाजारात ‘मुलगा’ म्हणवला जाणारा मी. बिल्डिंगला दोन पाणी आहेत. एक खारं. ते बोअरचं आणि टँकरचं, गच्चीवरच्या टाकीतून बाथरूम-संडासाला येतं. त्याने साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरी पुटं चढतात आणि डोक्याचे केस नारळाच्या शेंडीसारखे होतात. दुसरं गोडं. ते महापालिकेचं, बारीक पाईपातून थेट स्वयंपाकघरातल्या एकाच नळाला, दिवसाआड येतं. हिवाळ्यात त्याची वेळ ठरलेली असते. मे महिन्यात ते मर्जीप्रमाणे येतं, म्हणून नळ उघडाच ठेवून त्याच्याखाली स्टीलचं पातेलं पालथं घालायचं आणि कान द्यायचा.

कारण नळ पाण्याआधी खोकतो. पाईपातली हवा आधी बाहेर पडते. खो, खो, मग एक लांबलचक घरघर, मग थुंकल्यासारखं थोडं गढूळ पाणी आणि मग धार.

बाबाही तसेच खोकायचे. खो, खो, घरघर, थुंकी. शेवटची धार तेवढी नसायची.

बाबांची सगळी नोकरी सातिवलीला, स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणाऱ्या एका गाळ्यात गेली. मशीनच्या चाकावर भांडं धरायचं आणि त्यातून उडणारी काळी भुकटी तोंडाला बांधलेल्या रुमालातून ओढायची. त्या भुकटीने किती घरांतली भांडी चमकली कोण जाणे, बाबांच्या छातीत मात्र ती कायमची राहायला आली. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःकडे घरातलं पाणीखातं घेतलं. कॉक कुठला कधी फिरवायचा, वायसर कधी बदलायचा, पाईपला घाम आला की गळती हे बोट लावून कसं ओळखायचं, सगळं त्यांच्याकडे. नळाजवळ एक स्टूल होतं. त्यावर बसून ते पाण्याची वाट बघायचे, तेही अशा चेहऱ्याने, की आपण बसलो नाही तर पाणी यायचंच नाही.

म्हणजे घरात खोकणारे दोघे. आई ओरडताना व्याकरण सांभाळायची. ‘खोकला’ म्हणजे नळ, ‘खोकले’ म्हणजे बाबा. नवऱ्याला आदरार्थी बहुवचन, नळाला साधं एकवचन. ‘खोकला’ ऐकलं की मी हंडा घेऊन पळायचो, ‘खोकले’ ऐकलं की थुंकीचं भांडं घेऊन. मराठी माध्यमात शिकल्याचा मला आयुष्यात झालेला एवढाच फायदा. पण आई घरात नसली की माझा पुरता गोंधळ व्हायचा. नुसत्या कानाने मला दोन खोकले वेगळे करता यायचे नाहीत. आईला यायचे. ‘ऐकून कळत नाही तुला? बाप आहे तुझा,’ ती म्हणायची. मी म्हणायचो, ‘आई, नळही तितकाच जुना आहे.’

त्या वर्षी एप्रिल संपता संपता बाबा स्टुलावरून उठले आणि हॉलमधल्या कॉटवर आडवे झाले. पुन्हा स्टुलावर बसले नाहीत. उशाला ऑक्सिजनचं मशीन आलं. ते दिवसभर हुंकारायचं. बाबांना आता पूर्ण वाक्य बोलायला दम पुरत नव्हता. एक शब्द, श्वास, एक शब्द. कॉट आम्ही अशी लावली की दारातून त्यांना नळ दिसावा. पाणीखात्याचा राजीनामा त्यांनी दिलेला नव्हता.

खाऱ्या पाण्याने अंग पुसून पुसून त्यांच्या कातडीवर खवले आले होते. रात्रंदिवस खाजवायचे. एकदा आई ओल्या फडक्याने पाठ पुसत असताना त्यांनी तिचा हात धरला.

‘एकदा,’ ते म्हणाले. श्वास. ‘डोक्यावरून.’ श्वास. ‘गोडं.’

आईला कळलं, तशी ती हसली आणि लगेच तोंड फिरवून आत गेली. मला मागाहून सांगितलं. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा मी अगदी लहान. बिल्डिंगला गोड्या पाण्याची लाईन नव्हतीच, सगळं टँकरवर. लाईन मिळावी म्हणून बाबा कामाला दांड्या मारून किती खेटे घालत होते. शेवटी ती आली, नळ पहिल्यांदा खोकला आणि धार पडली, तेव्हा या सदा गंभीर माणसाने काय करावं, तर सिंकमध्ये डोकं घालून उभा राहिला. अंगात कामाचा शर्ट, खिशात लोकलचा पास. आई ओरडतेय, ‘अहो, पास भिजला, पास!’ आणि हे डोक्यावरून पाणी घेतायत आणि हसतायत. ‘तसं हसताना मी त्यांना तेवढंच पाहिलं,’ आई म्हणाली. ‘तेच मागतायत.’

डॉक्टरांना विचारलं. त्यांनी आधी बाबांकडे पाहिलं, मग आमच्याकडे. म्हणाले, ‘दोघांनी धरा, पाटावर बसवा, लवकर बाहेर काढा. घाला आंघोळ.’ ज्या सहजपणे ते ‘घाला’ म्हणाले, त्यातलं जे समजायचं ते आम्ही दोघांनी समजून घेतलं आणि एकमेकांना सांगितलं नाही.

तुम्ही म्हणाल, मग अडलं कुठे? पाण्याचे जार विकत मिळतात, घाला की. मीही तेच म्हणालो. एक जार आणला, कोमट केला आणि बाबांना कळू नये म्हणून नळाला लावलेल्या पाईपचं टोक बादलीत सोडून ठेवलं. माझी नाटकं अशी तपशीलवार असतात. पहिला तांब्या ओतायच्या आधी मी त्यांच्या कपाळावर ओला हात फिरवला. एक थेंब ओघळून ओठावर आला. बाबांनी तो जिभेने चाखला, डोळे मिटले आणि म्हणाले, ‘जार.’

श्वास.

‘मेल्या.’

विषय संपला. भरून ठेवलेल्या हंड्यातलं पाणीही चालणार नव्हतं. हंडा पिण्याचा, त्याला अंगासाठी हात लावायचा नाही, हा त्यांचाच कायदा, आणि तो मरणाऱ्या माणसासाठी शिथिल होतो असं कुठे लिहिलेलं नव्हतं. त्यांना वाहतं हवं होतं. नळाला पाईप लावून, थेट.

आता वाहतं म्हणजे जरा तरी धार हवी. उन्हाळ्यात आमच्या नळाची धार सुतळीएवढी. मी नळात डोकावून पाहिलं. आतून खारट पुटं चढून तोंड बारीक झालं होतं. गोड्या पाण्याच्या नळाला ती कशी चढली, तर लाईन फुटली की त्यातूनही काय काय येतं. ठरवलं, नळ बदलायचा. नवा, मोठ्या तोंडाचा. नेहमीचा प्लंबर लग्नाला गावी गेला होता. मे महिन्यात सगळेच प्लंबर गावी असतात, किंवा तसं सांगतात.

‘तू नको करू,’ आई म्हणाली.

‘नळ तर बदलायचाय. त्यात काय?’

‘मागच्या वेळी पंखा तर पुसायचा होता.’

त्या पंख्याबद्दल मी इथे काही सांगणार नाही.

बाबांनी कॉटवरून बोटाने खुणा करून काम करवून घ्यायचं ठरलं. बोट गोल फिरवलं की फिरव, तळहात वर केला की थांब. थांबायची खूण त्यांनी मला शिकवली होती की नाही याबद्दल आमच्यात अजून मतभेद आहेत, आणि आता ते मिटायचे नाहीत. पाणी येण्याचा दिवस नव्हता, त्यामुळे खालचा कॉक बंद करायची गरज मला वाटली नाही. पाणीच नाही तर बंद काय करायचं? हे वाक्य मी मोठ्याने म्हटलंही.

जुना नळ सुटला. मी छाती फुगवून आईकडे पाहिलं. नव्याच्या आट्यांवर टेप गुंडाळली, पाना लावला आणि आवळायला लागलो. बाबा बोट फिरवतायत, मी पाना फिरवतोय. बोट, पाना. बोट, पाना. इतका सुरेख संवाद आम्हा बापलेकांत जन्मात झाला नव्हता. मग बाबांचं बोट थांबलं आणि त्यांनी तळहात वर केला.

मला भरून आलं. मला वाटलं, ते आशीर्वाद देतायत.

त्या भरात मी आणखी एक पीळ दिला. भिंतीच्या आत काहीतरी ‘कट’ असं म्हणालं आणि नवा नळ, पाना आणि मी, असे तिघे एकदम मोकळे झालो. भिंतीतल्या पाईपाला नळ जोडणारी पितळेची निप्पल मोडली होती. अर्धी नळात, अर्धी भिंतीत. आता तिथे नुसतं एक भोक होतं.

बाबांनी हात खाली घेतला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते. हसण्याचा खोकला झाला, खोकल्याची घरघर झाली, आणि आई त्यांची पाठ चोळत, माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘गाजर देऊ?’

गाजर हे भिंतीतल्या भोकाला घालायचं बूच आहे हे मला त्या दिवशी कळलं. आईने ते नीट सोलून निमुळतं करून दिलं आणि मी ठोकून बसवलं. तात्पुरतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी वसईला गेलो. जुन्या मापाची निप्पल आमच्याकडे मिळत नव्हती. वसईच्या बाजारातल्या जुन्या हार्डवेअरच्या दुकानात सगळं मिळतं असं कुणीतरी म्हणालं होतं. पाणी येण्याचा तो दिवस होता, पण त्या महिन्यात ते कधीच संध्याकाळच्या आत आलेलं नव्हतं. वेळ भरपूर होता. दुकानदाराने निप्पल काढून दिल्यावरही मी तिथेच उभा राहून त्याला माझ्या पराक्रमाची गोष्ट सांगत होतो. रंगवून सांगत होतो. आशीर्वादाच्या जागी तो खूप हसला. म्हणून मी ती जागा पुन्हा सांगितली.

मी ती जागा पुन्हा सांगत होतो तेव्हा घरी पाणी आलं. खोकला वगैरे काही नाही, भोकाला गाजर होतं ना. पाईपात हवा कोंडली, मग गाजर बंदुकीच्या गोळीसारखं समोरच्या डब्यांवर आदळलं आणि त्यामागून आलं ते सुतळीएवढं नव्हतं. नळ नाही, निप्पल नाही, नुसती उघडी लाईन. असं पाणी आमच्या घरात ती लाईन आली तेव्हापासून कुणी पाहिलं नव्हतं. आईने भोकावर हात दाबला, पदर दाबला, पोळपाट लावून पाहिला. गोडं पाणी ओट्यावरून खाली, स्वयंपाकघरातून हॉलमध्ये, कॉटखाली.

आई नंतर म्हणाली, ‘मी वळून बघते, तर हे उठून बसलेले. पाय खाली सोडलेले. पाण्यात पाय बुडवून बसले होते, एखाद्या वहाळावर बसावं तसे.’

मी विचारलं, ‘मग तेव्हाच का नाही ग...’

‘एकटी काय काय करणार होते मी?’ ती म्हणाली. एवढंच म्हणाली. तू असतास तर, हे शब्द तिने वापरले नाहीत. पण मी तिचं व्याकरण ओळखून आहे.

निप्पल खिशात घेऊन मी जिना चढत होतो तेव्हा तळमजल्यावरच्या मावशी दारात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. या मावशी मिठागरांच्या बाजूच्या गावातल्या, मुलगा इकडे राहायला आला म्हणून आमच्या बिल्डिंगीत आलेल्या. वाईट बोलायचं असेल तर हळू आवाजात बोलायचं, ही पद्धत त्यांच्या गावी नाही.

‘आलास? कॉक मी बंद केला, नायतं तुजं घर वाहत गेलं असतं.’

‘मावशी, तुमच्याकडे काही...’

‘माज्याकडं? तुजं सगलं पानी माज्या देव्हाऱ्यात आयलं. धो धो. गणपती काय, बालकृष्न काय, सगले चिंब.’ मग त्यांचा आवाज जरा खाली आला. आईने त्यांना आंघोळीचं सांगितलेलं होतं. ‘गोड्या पान्यानं माज्या देवांची आंघोल झाली, पोरा. आता तुज्या बापसाची बघ.’

प्लंबर कुठूनतरी मिळाला, निप्पल बसली, तिला नवा नळ लागला. मोठ्या तोंडाचा, चकचकीत. पाईपही आणला, बाथरूमपर्यंत पोहोचेल एवढा लांब. मोरीत पाट ठेवला. सगळं तयार झालं आणि पाणी बंद झालं. कुठेतरी मोठी लाईन फुटली होती. आज येईल, उद्या येईल, असं सगळे एकमेकांना सांगत होते. आचोळ्याच्या गल्ल्यांतून टँकर फिरत होते, त्यांच्यामागे हंडे घेऊन माणसं. हंडे रिकामे झाले आणि आम्ही प्यायला जारवर आलो. बाबांना जारचंच पाजायचो. चमच्याने. प्रत्येक चमच्याला ते डोळे मिटायचे.

ऊन इतकं होतं की पाईपातली हवासुद्धा गरम यायची. मी बाबांच्या स्टुलावर बसायला लागलो.

अशाच एका दुपारी आई खाली मावशींकडे गेली होती. मी बाथरूममध्ये, टाकीचं खारं पाणी तरी येतंय का बघत होतो. तेवढ्यात ऐकू आलं. खो. खो. मग लांब घरघर.

‘आलं!’ मी ओरडलो. ‘बाबा, आलं, आलं!’ आणि बाथरूमच्या बाजूच्या दाराने सरळ स्वयंपाकघरात. पातेलं सरकवलं, पाईप नळाला लावला, हात तोंडाखाली धरला. काही नाही. पुन्हा खो, खो ऐकू आलं आणि मी नळाला म्हणालो, ‘ये. ये रे बाबा, ये.’ पाईपाच्या गुंडाळ्या सोडवत बसलो. नळाला थोपटलं. त्याचा चकचकीत कान धरून पिरगाळला. किती वेळ गेला सांगता येणार नाही. आवाज बंद झाला, तेव्हा माझ्या डोक्यात आलं, की तो समोरून येत नव्हता. मागून येत होता.

बाबा कॉटच्या कडेला बसले होते. ऑक्सिजनची नळी नाकातून काढून उशीवर नीट ठेवलेली. बनियन काढून मांडीवर घडी करून ठेवलेला. ओठ निळे, बरगड्या वरखाली होतायत, आणि दोन्ही हात कडेवर टेकवून ते उठायला तयार बसले होते.

‘आलं?’ ते म्हणाले.

खरं सांगायला हवं होतं. पण त्या उघड्या खांद्यांना ते सांगायला माझी जीभ उचलली नाही.

‘येतंय,’ मी म्हणालो. ‘येतंय, बाबा. झोपा तोवर.’

नळी पुन्हा नाकाला लावली. बनियन घालू दिला नाही त्यांनी. तसाच हातात धरून पडून राहिले. आई वर आली, तिने एकदा त्यांच्याकडे, एकदा पाईपाकडे पाहिलं, आणि तिला न सांगता सगळं कळलं. मला शिव्या देईल असं वाटलं. तिने पाईप गुंडाळून ठेवला.

त्यानंतर ते उठले नाहीत. दोन दिवस गेले, तीन गेले, आणि एका पहाटे मशीन तेवढं हुंकारत राहिलं.

तो दिवस पाण्याचा होता. लाईन जोडली गेली, आज नक्की सोडणार, असं आदल्या संध्याकाळी सगळीकडे पसरलं होतं. डॉक्टर येऊन गेले, विरारहून बाबांचे चुलतभाऊ आले. त्यांना मी काका म्हणतो. अशा प्रसंगी सगळं हातात घेणारा एक माणूस लागतो, तो ते. सामान आलं, गाडी आली, खाली माणसं जमली. आता आंघोळ घालायची. काका बादली घेऊन बाथरूमकडे निघाले, तेव्हा आई भिंतीशी बसल्या जागेवरून म्हणाली, ‘थांबा. आज पाणी आहे.’

काकांना कळलं नाही. ‘वहिनी, टाकीत आहे की पाणी.’

‘ते नको. थांबा जरा.’

थांबले. सगळेच थांबले. ऊन चढत होतं. पंखा गरम हवा फिरवत होता. बायका पदराने वारा घेत होत्या आणि अधूनमधून कॉटकडे, मग माझ्याकडे बघत होत्या. मी स्टुलावर. नळ उघडा, खाली पातेलं पालथं. काका एकदा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, ‘अरे, किती वेळ? दिवस कसले आहेत, तुला कळतं ना?’ मला कळत होतं. एकाने सुचवलं, ते जार आहेत ना, ते ओता. आई म्हणाली, ‘नको. त्यांना कळतं.’

आणि तेवढ्यात ते झालं. खो. खो.

सगळ्यांनी कॉटकडे पाहिलं. मीसुद्धा. स्टुलावर, नळाच्या पुढ्यात बसून मी कॉटकडे पाहिलं. बाबांची एक मावसबहीण अर्धवट उठली आणि तिच्या तोंडून बाहेर पडलं, ‘अगं, खोकले!’

आईने मान वर केली नाही.

‘खोकला,’ ती म्हणाली.

एक मात्रा काढून तिने काना दिला. तिचा नवरा गेला हे तिने त्या दिवशी एवढ्याच शब्दांत सांगितलं.

मी हंडा लावला. लांब घरघर झाली. नळ थरथरला, मोठ्या तोंडातून गरम वाफेसारखी हवा माझ्या हातावर आली. येत राहिली. मी हात काढला नाही. मग ती पातळ झाली, आणि थांबली. थुंकीएवढंसुद्धा पाणी नाही.

‘आलं?’ हॉलमधून आईने विचारलं.

या वेळी मी ‘नाही’ म्हणालो.

काकांनी टाकीच्या पाण्याची बादली भरली. पाटावर बसवायचं राहिलंच, कॉटवरच दोघातिघांनी धरून आंघोळ घातली. डोक्यावरून घातली. खारं पाणी. पुसून, कपडे घालून, हार घालून होईपर्यंत त्या उन्हात ते वाळलंसुद्धा, आणि त्यांच्या भुवयांवर मिठाची बारीक पांढरी रेघ उमटली. मी ती बोटाने पुसली. पुन्हा पाहिलं तर होतीच.

परत आलो तेव्हा उन्हं कलली होती. जिन्यात शिरतानाच आवाज ऐकू आला. मावशी दारात बसल्या होत्या. उठल्या नाहीत. ‘गाडी वलली न् पानी आयलं,’ त्या म्हणाल्या. एवढं हळू बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

आईने घरातलं सगळं भरलं होतं. हंडे, कळशी, बादल्या, कुकर, बाबांचं थुंकीचं भांडंसुद्धा घासून भरून ठेवलेलं. भरायला काही उरलं नव्हतं आणि पाणी येतच होतं. नळाला पाईप लावलेला होता आणि तो बाथरूमपर्यंत गेलेला होता. स्मशानातून आलेल्या माणसाने आंघोळ केल्याशिवाय घरात वावरायचं नसतं. आधी काका गेले, मग बाकीचे. आतून काका म्हणाले, ‘पाणी मस्त सोडलंय रे. जोर चांगला आहे.’

मी शेवटी गेलो. पाट तिथेच होता. अंगावरच्या कपड्यांनिशी बसलो. पाईप उचलायला हात केला, तर तो आईने आधीच उचलला होता. दारात उभी होती.

‘खाली बघ,’ ती म्हणाली. ‘डोक्यावरून घालू दे.’

पाणी गार होतं. ओठावर आलं, मी चाखलं. शर्ट चिकटला, खिशात डॉक्टरांनी दिलेला कागद होता तो भिजला. आई काही म्हणाली नाही. मला दम लागला, बोलता येईना, म्हणून मी तळहात वर केला.

आईने तो पाहिला. तिला तो काय वाटला, मला माहीत नाही. ती पाणी घालत राहिली.